स्पीकर की माईक?

"बाबा, आपल्या टेपले बाहेरून लावाचा मोठा स्पीकर घेता काय?"

मैत्रिणींनी पैज लावली आणि मी बेधडक विचारलंसुद्धा! आमच्या टेपवरची गाणी साऱ्या गल्लीला फुकट ऐकायला मिळतात ना. बाबा चक्क खूश झाले. आईला न् मला घेऊन सौंसरच्या दुकानात आले.

दुकानदार म्हणाला, "या टेपले स्पीकरबी जोडता येते, माईकबी जोडता येते."

"एकच भेटन रंजू, तूच सांग," बाबा हसले.

आई पदर गालावर ओढून उभी होती. तिच्यावर हात उचलण्याआधी बाबा टेपचा आवाज वाढवतात, हे फक्त आम्हा दोघींनाच ठाऊक.


"आई, बाबा, ठरलं माझं! माईकच घ्या. गल्लीनं गाणे बहुत ऐकले. आता आईचं रडणं टेप करून ऐकवीन."