एकोणतीस गैरहजर

“चाळीसपैकी अकरा,” प्रमुख डॉक्टर म्हणाले. “आणि बाकीचे एकोणतीस?”

“सगळे म्हणतात, ‘आलो होतो.’” संशोधिकेने फाइल उघडली. “मी प्रत्येकाला स्वतः फोन केला, सर. एकजात तेच उत्तर.”

“आणि आपला हजेरीपट?”

“एकाचीही सही नाही.”

डॉक्टर हसले. माणसे विचारणाऱ्याला आवडेल तेच उत्तर देतात, हे त्यांनी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले होते.

धाप लागणाऱ्या जुन्या रुग्णांसाठी श्वसनाच्या व्यायामाचे वर्ग तीन महिने वस्तीतल्या सभागृहात चालले होते. तिथली हजेरी चोख होती. शेवटची मोजणी तेवढी संशोधन विभागात ठेवलेली होती : सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो. त्यासाठी तीस मीटरची सरळ, सपाट मार्गिका लागते. अख्ख्या इमारतीत तशी एकच होती, आणि सुदैवाने विभागाच्या दारासमोरच. निम्म्या लोकांची तरी मोजणी झाली नाही, तर नियमाप्रमाणे वर्ग महिनाअखेर बंद होणार होते.

आलेल्या अकरा जणांचे आकडे देखणे होते. बहुतेकांनी साडेचारशे मीटरचा टप्पा ओलांडला होता. दोघे तर त्यानंतर खिडकीशी उभे राहून, समोरच्या गच्च्या पाहत, बराच वेळ गप्पा मारत होते.

“म्हणजे वर्गात खोट नाही,” डॉक्टर म्हणाले. “लोकांनाच किंमत नाही. अहवालात ‘अनास्था’ असं स्पष्ट लिहा. चार वाजता सही करून पाठवू.”

टेबलावरच्या फोनमधून खाकरल्याचा आवाज आला. रुग्णांचा प्रतिनिधी म्हणून वर्गांच्या समितीवर एक निवृत्त बस कंडक्टर होता. सगळे त्याला कंडक्टरकाका म्हणत. स्वतः धापेचा रुग्ण. प्रत्येक बैठकीला तो फोनवरूनच हजर असे.

“काका, कधीतरी दर्शन द्या की,” डॉक्टर म्हणाले.

“चौतीस वर्षं उभ्याने नोकरी केली, साहेब. आता बसून बोलू द्या.” मग त्याने संशोधिकेला विचारले, “ताई, फोनवर लोकांना नेमकं काय विचारलंत?”

“‘आपण मोजणीसाठी आला होता का? हो किंवा नाही.’”

“आणि पुढे?”

“पुढे आभार.”

“म्हणजे तिकीट फाडलं आणि घंटी मारली. कुठे उतरायचंय, ते विचारलंच नाही.”

डॉक्टरांना हसू आवरले नाही. संशोधिका मात्र ठाम होती. “प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारावा लागतो, काका. एकाशी दोन मिनिटं आणि दुसऱ्याशी तासभर बोलले, तर तुलना कशाची करणार?”

“कबूल. पण एकोणतीस जण मिळून एकच थाप मारतात? माझ्या बसमध्ये विनातिकीट तिघे सापडले, तर तिघांच्या तीन सबबी असायच्या.”

संशोधिकेचे पेन थांबले. ही शंका तिलाही येऊन गेली होती. त्या शंकेसाठी फॉर्मवर रकाना नव्हता, इतकेच.

“मग तुमचं म्हणणं काय आहे?”

“माझं म्हणणं राहू द्या. मी बोललो की तुम्ही लिहिणार, ‘एका सदस्याचे मत.’ तुम्हाला लिहिलेलं लागतं ना? मी फाटकाशी बसलोय. इथे रखवालदाराची वही आहे. येऊन बघा.”

“फाटकाशी येऊन फोनवर बोलताय?” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “धन्य आहात, काका!”

संशोधिका लगेच उठली. वहीत एकही नाव असणार नाही आणि पाच मिनिटांत या वादाचा निकाल लागेल, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. गैरहजरांची यादी घेऊन, नेहमीच्या सवयीने एका दमात तिन्ही मजले उतरून ती फाटकाशी पोहोचली.

केबिनमधल्या स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून कंडक्टरकाका बसला होता. त्याने वही तिच्याकडे सरकवली.

“येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवायचा हुकूम आहे, मॅडम,” रखवालदार म्हणाला. “मी आपलं दिसतं ते लिहितो.”

तिने यादी शेजारी ठेवली आणि एकेका नावावर बोट ठेवत गेली. सगळी नावे होती. प्रत्येक जण नेमून दिलेल्या दिवशी आला होता. बहुतेक जण वेळेच्या आधी. आत येण्याची वेळ दहा वाजून दहा, बाहेर पडण्याची साडेदहा. आत येण्याची अकरा, बाहेर पडण्याची अकरा वीस. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. एकोणतीस.

शेवटचा रकाना ‘काम न होता परतल्यास कारण’ असा होता. त्यात रखवालदाराने सुवाच्य अक्षरांत एकोणतीस वेळा एकच शब्द लिहिला होता : जिना.