कौलांवरून घरात

"छोटे मालक दारात उभे आहेत," दरवान फिलेरोस म्हणाला, "पण मी दार उघडलेलं नाही."

तेत्तियसच्या हातातला पेला वाटेतच थांबला. छोटे मालक म्हणजे ऑलस, त्याचा एकुलता एक मुलगा. तो तर गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर सिसिलीजवळ गलबतासकट बुडाला होता. तशी बातमी आली होती आणि रिकाम्या चितेवर त्याचा अंगरखा ठेवून घराने त्याला पोचवलंही होतं.

"कसा दिसतोय?" तेत्तियसने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्याला जरा समाधान वाटलं.

"वाळलेत. दाढी वाढलीय. पण तेच आहेत. दार उघडत नाही म्हणून मला शिव्या घातल्या."

"मग उघड ना."

"मेला म्हणून पोचवलेल्या माणसाला दारातून घेत नाहीत, मालक. कौलांवरून उतरवतात. दारातून घेतला तर तो मेलेलाच राहतो."

"खुळचट कुठला. जिवंत माणूस दारातून येतो."

तेत्तियस स्टोइक होता, म्हणजे सुखदुःखाने हलायचं नाही असं मानणाऱ्या पंथाचा, आणि तोही पक्का. बुडाल्याची बातमी आली तेव्हा तो जेवायला बसला होता. 'जे आपल्या हातात नाही त्याचं रडगाणं कशाला,' असं म्हणून त्याने अंजिरांची थाळी पुढे मागितली होती. भाडोत्री रडणाऱ्या बायका त्याने बोलावू दिल्या नाहीत. बायकोला सांगितलं, रडायचं नाही, आणि रुब्रियाच्या डोळ्यांतून खरोखर टिपूस निघालं नाही. रोममधल्या त्यांच्या टेकडीवर दोघांचं नाव झालं. आपल्या शिकवणीचं चीज झालं म्हणून स्वारी मनातून खूश होती, हेही सांगून टाकलेलं बरं.

"कौलांवरूनच येईल तो," मागून रुब्रिया म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती, कुणाला कळलं नव्हतं. "आजवर तुमचं सगळं ऐकलं. एवढं माझं ऐका."

इतक्या वर्षांत ती असं बोलली नव्हती. तेत्तियसने पेला खाली ठेवला. फिलेरोस शिडी आणि दोर घेऊन मागच्या दाराने बाहेर धावला.

मधल्या दालनाचं छत मधोमध उघडं होतं आणि त्याच्या बरोबर खाली पावसाच्या पाण्याचा हौद होता. थोड्या वेळाने कौलं करकरली, एक फुटून खाली पडलं, आणि त्या उघड्या चौकोनाच्या काठावरून दोन पाय लोंबकळू लागले. मळके, फुटलेल्या टाचांचे पाय. मग वरून चेहरा वाकला.

ऑलसच होता.

"दोर धर आणि ये खाली," तेत्तियस कसाबसा म्हणाला.

ऑलसने दोर धरला नाही. "बाबा, एक विचारू? बंदरावर लोक सांगत होते, माझी बातमी आली तेव्हा तुम्ही अंजिरं मागितलीत. खरं का ते?"

"खरं आहे."

"आणि रडलं कोणीच नाही?"

"रडून तू आला असतास का?"

"न रडता तरी आलोच की." ऑलस हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "सगळा समुद्र घर घर करत काढला मी. वाटलं, तिकडे काय हाल झाले असतील सगळ्यांचे. आणि इथे तर कुणाचं काही अडलेलंच नाही. आई, तूसुद्धा?"

रुब्रियाने मान खाली घातली.

"मग मी उतरू कशाला? फिलेरोस, शिडी काढू नकोस. आलो तसा जातो."

पाय वर ओढले जाऊ लागले. तेत्तियसला एकही वाक्य सुचेना. प्रत्येक प्रसंगाला त्याच्याकडे एखादं वाक्य असायचं.

तेवढ्यात तो आवाज आला. आधी त्याला वाटलं, गोठ्यात जनावर अडकलंय कुठेतरी. मग बघितलं तर रुब्रिया. तिने केसांतले काटे उपसून फेकले होते, केस मोकळे सोडले होते आणि दोन्ही मुठींनी छाती पिटत ती ओरडत होती. मढ्यावर ओरडतात तशी, मुलाचं नाव घेऊन. जिवंत मुलासमोर असं रडणं म्हणजे केवढा अपशकुन. फिलेरोस शिडीवरच थिजला.

तेत्तियस हादरून गेला. त्याने तिचे हात धरले. "अगं, काय करतेस? जिवंत आहे तो. तो बघ, वर बसलाय."

"माहीत आहे," ती धापा टाकत म्हणाली. "हे आजचं नाही हो. तेव्हाचं राहिलंय. तेवढं होऊ द्या, मग त्याला बघते."

आणि हात सोडवून तिने पुन्हा गळा काढला.

वरून ऑलसने दोर न धरताच थेट हौदात उडी टाकली. पाय मुरगळला तसाच लंगडत तो आईपाशी गेला. तिने त्याला घट्ट धरलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून त्याच्याच नावाने रडत राहिली.

बाहेर दारावर थापा पडू लागल्या. फिलेरोस अजून शिडीवरच होता, म्हणून तेत्तियस स्वतः गेला आणि त्याने अडसर काढला. शेजारची सेप्टिमिया पिठाच्या हातांनी तशीच धावत आली होती.

"काय झालं, भावजी? कोण गेलं?"

कुणी गेलं नाही, मुलगा परत आलाय, असं तेत्तियसला सांगायचं होतं. त्याने मागे वळून पाहिलं. भिजलेला ऑलस आईचे केस सावरत उभा होता. तेत्तियसने चौकट धरली, आणि त्याची हनुवटी लटलटू लागली.

"मुलगा गेला हो माझा," तो म्हणाला.