तिसरा रकाना

“तिला विचार, भिंत फोडावी लागेल का?” अब्देलहक म्हणाले.

तिला म्हणजे त्यांच्या मुलीला. बतूल चहाच्या तबकापलीकडे, दोन हातांवरच बसली होती. पण प्रोस्टेटसारख्या दुखण्याबद्दल बापाने लेकीशी थेट बोलावं, असं मोरोक्कोतल्या फेस शहराच्या त्या गल्लीत कुणी केलं नव्हतं. म्हणून मध्ये बसायला त्यांचे दोस्त तहामी आले होते. हमामच्या, गावच्या न्हाणीघराच्या, भट्टीत लाकडं सारण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“भिंत फोडायची का, विचारतोय,” तहामी म्हणाले.

“ऐकलं मी, काका.”

“ऐकलंस तरी मी विचारेपर्यंत थांबत जा. नाहीतर हा चहा मला फुकटचा होतो.”

अब्देलहकांनी चाळीस वर्षं जुन्या शहराचे मातीचे नळ सांभाळले. पाणी कुठे अडलंय, ते भिंतीला कान लावून सांगत. लहानपणी बतूल त्यांच्याबरोबर जायची, वेताच्या काठ्यांची जुडी छातीशी धरून. नळाच्या तोंडातून काठी आत घालायची, हळूहळू पुढे सारायची. भिंतीला हात लावायचा नाही. एखाद्याने घाई करून कुदळ घेतली, तर ते महिनाभर त्याच्या सलामालाही उत्तर देत नसत. पाणी सुटलं की पहिली ओंजळ बतूलची.

मग ती शिकली, फ्रान्सला लीलमध्ये नोकरीला लागली. त्याला अकरा वर्षं झाली. दर ईदला येई, चार दिवस.

या वेळी येताना तिने कागदावर तीन रकाने आखून आणले होते. डॉक्टरांच्या मते तिन्ही चालण्यासारखे होते. पहिला लेसरचा: लघवीच्याच वाटेने आत जाऊन वाढलेला भाग सोडवायचा, रक्त कमी, दवाखान्यात एक रात्र. दुसरा त्याच वाटेने तो भाग तारेने खरवडायचा, तीन रात्री. तिसरा पोट उघडून: टाके, रक्त जास्त, आठवडाभर दवाखाना आणि वर महिनाभर घरी जपणं. हा तिने केवळ यादीतून राहून जायला नको म्हणून लिहिला होता.

“त्यांना सांगा, पहिल्यात भिंतीला धक्काही लागत नाही,” ती म्हणाली. “आणि काहीही ठरवू देत, बरे होऊन हिंडायला लागेपर्यंत मी इथेच आहे.”

अब्देलहकांनी कागद घेतला. चष्मा पुसला. एकेका ओळीवरून बोट नेत बराच वेळ वाचला. मग बोट तिसऱ्या रकान्यावर ठेवलं.

“हे.”

“बा, तुम्ही?” बतूल तहामींना विसरली. “कुदळ दिसली की शिव्या घालणारे तुम्ही?”

“तिला सांग, नळ माझा आहे.”

तहामी हसले. बतूल हसली नाही. कागदाची घडी घालत ती म्हणाली, “उद्या बघू.” जरा तुटकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या हौदाशी नमाजाआधीचा वजू करता करता, हातपाय धुता धुता, अब्देलहक बसल्या जागी गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्या दुखण्याचा काही संबंध नव्हता.

मयताच्या तिसऱ्या दिवशी लोक कुसकुसचं जेवण जेवून पांगले. तहामी आपल्या जागी, मध्येच, बसून राहिले. पलीकडची गादी रिकामी होती.

“काका, त्यांनी तिसरा का निवडला?”

तहामींनी हातातला पेला खाली ठेवला. “तू यायच्या आदल्या दिवशी त्याने मला एक प्रश्न देऊन ठेवला होता, तुला विचारायला. ऐन वेळी म्हणाला, तेवढा राहू दे. लाज वाटते.”

“कुठला?”

“सगळ्यात जास्त दिवस कशात लागतात.”

तहामी वाट पाहत राहिले. बतूल काही बोलली, की ते पलीकडे पोचवायचं, इतकीच त्यांना सवय होती. पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. गादीकडे तोंड केलं आणि थेट म्हणाली,

“बा, दर वेळी निघताना मलाही जायचं नसायचं.”