सनी सरांचा हात

सुई पुन्हा उडाली.

"काका, मारू नका. ढकला," सनी म्हणाला. "ढोलकी नाय ती."

आनंदाने तबकडीवरून हात उचलला. अंबरनाथच्या बेंजो पार्टीत त्याने तीस वर्षं ढोलकी वाजवली होती. हाताखाली काही गोल आलं की बोटं आपोआप थाप मारायची. हळदीच्या सुपाऱ्या डीजेवाल्यांकडे गेल्या, पार्टी मोडली, तेव्हा तो रुसून बसला नाही. सरळ उल्हासनगरला, कॅम्प पाचातल्या जीन्सच्या कारखान्यावरच्या माळ्यावर, डीजेवाल्याकडेच शिकायला आला. सनी त्याच्या धाकट्या पोराच्या वयाचा. पण क्लासचा नियम होता, सगळ्यांनी 'सर' म्हणायचं. आनंदा म्हणत होता.

शब्दही सनीनेच दिला होता, तोही सगळ्या बॅचदेखत. स्क्रॅचिंगचं, म्हणजे तबकडी घासून आवाज काढण्याचं, बेसिक जमलं की रविवारी बदलापूरच्या हळदीला काका स्टेजवर, माझ्या शेजारी. असले शब्द देताना सनी हात आखडता घेत नसे, कारण काकांना जमणार नाही याची त्याला खात्री होती.

आज शुक्रवार उजाडला होता.

"परत. डाव्या हाताने तबकडी पुढे, मागे. उजव्याने ही खिटी सरकवायची. इकडे नेली की आवाज चालू, तिकडे नेली की बंद. बस, इतनाही है."

इतकंच होतं, आणि तीन आठवडे येत नव्हतं. आनंदाने बोटं सैल सोडली. थाप द्यायचीच नाही, नुसतं घासत न्यायचं, ढोलकीच्या डाव्या तोंडावर आवाज घुमवताना नेतात तसं.

तबकडी बोलली.

त्याने परत नेली. परत बोलली. मग उजवा हात जागा झाला. खिटी तालात उघडू-मिटू लागली, मध्येच एक मात्रा गिळून नेमकी समेवर उघडली. कोपऱ्यात सराव करणाऱ्या कीर्तीने हेडफोन मानेवर ओढले.

"काका, भारी!" ती म्हणाली. "सर, हे तर तुम्ही पण नाही वाजवत."

सनी हसला. जरा उशिरा हसला.

"एक नंबर, काका! थांबा, हे रेकॉर्डच करू."

त्याने वायर लॅपटॉपला जोडली. आनंदा दहा मिनिटं वाजवत राहिला. सदरा पाठीला चिकटला, तरी थांबला नाही. थांबल्यावर त्याने कपाळ पुसलं आणि विचारलं, "रविवारी किती वाजता पोचू, सर?"

"तुम्ही कशाला धावपळ करता?" सनी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन त्याला टोपण लावत म्हणाला. "तुम्ही आलात ना यात."

आनंदाला आधी कळलंच नाही.

"स्टेजवर चेहरा लागतो, काका. समोर पोरापोरी नाचतात. तुम्ही उभे राहिलात तर लोक म्हणतील, नवऱ्याचा मामा वर चढलाय, कोणीतरी उतरवा त्याला." सनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेन्शन नाय घ्यायचं. सोमवारपासून नवीन बॅच तुम्हीच शिकवा. अपने आदमी हो आप."

कीर्तीने सनीकडे पाहिलं. मग आनंदाकडे. मग हेडफोन परत कानांवर चढवले.

आनंदाने पिशवी उचलली. जिन्यापाशी वाकून चपला पायात सरकवल्या.

मागे लॅपटॉपवर आवाज सुरू झाला. त्याच्याच वाजवण्याचा. सनी टोपी उलटी घालून आरशासमोर उभा होता. मशीन बंद होतं. मुक्या तबकडीवर त्याचा हात पुढे-मागे होत होता, मान डोलत होती, ओठ दाताखाली होता. दिसायला सगळं झकास होतं. फक्त आवाज येऊन जायचा आणि मग हात हलायचा.

आनंदा दोन पायऱ्या उतरला. हात पुन्हा चुकला, हे त्याला न बघताही कळलं. तो तिसरी उतरला. तिथेच उभा राहिला.

मग वर आला. चपला काढल्या. सनीच्या मागे जाऊन त्याचं मनगट धरलं आणि तबकडीवर नीट टेकवलं.

"हात मागे राहतोय, सर," तो म्हणाला. "इथे मी दम घेतलाय, तिथे तुम्हीही घ्या. नाहीतर लोकांना कळेल."