सुगनचंदशेठचा सायलेन्सर

"अजून थोडी पॉवर पाहिजे, भूपेंद्रभाऊ," सुगनचंदशेठ म्हणाले, तेव्हा भूपेंद्र उगाचच हातातला पाना फडक्याने पुसत बसला.

भूपेंद्रचं गॅरेज धुळ्यात, पारोळा रोडला. शेठ जळगावचे, डाळमिलवाले, सत्तरी ओलांडलेले. त्यांची लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार तरुणपणी हौसेने घेतलेली. तिच्या वयाच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, पण शेठ अजून रोज तिच्यातूनच मिलवर जात. सायलेन्सरसाठी धुळ्याला यायची ही त्यांची तिसरी खेप.

पहिल्या खेपेला भूपेंद्रने सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकली. दुसऱ्या खेपेला मोठ्या तोंडाचा पाइप बसवला. दोन्ही वेळा गाडी गुरगुरत बाहेर पडली आणि शेठ खूश झाले. पॉवर मात्र कणभर वाढली नव्हती, उलट घटलीच असेल. नुसता आवाज. शेठ आवाजालाच पॉवर समजतात, हे भूपेंद्रला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि त्याने सोयिस्करपणे तोंड बंद ठेवलं होतं.

"हायवेला पळवून पाहिली का?" त्याने विचारलं.

"हायवेला काय बघायचं? घरच्या गल्लीत नेली की कळतं."

गल्लीत, पहिल्या गिअरमध्ये, पॉवर बघणारा माणूस! एरवी भूपेंद्रने हा किस्सा चहाच्या टपरीवर चार जणांना रंगवून सांगितला असता. आज त्याला हसू येईना. इतक्या भोळ्या माणसाला गंडवायला अक्कल लागत नाही, आणि आपण तेच करतोय, हे त्याला टोचत होतं.

"रविवारी या शेठ. नवीन सामान मागवून ठेवतो."

"घरी कळवा," भूपेंद्र म्हणाला, म्हणून शेठनी घरी फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद पडली. "स्वयंपाकात असेल," ते हसून म्हणाले. "निघतो. आम्ही जैन, दिवस बुडाल्यावर जेवत नाही, आणि मी पोचल्याशिवाय माझी बायको कुसुमलता ताटावर बसत नाही."

रात्री भूपेंद्रच्या पुढ्यातली भाकर तशीच राहिली.

"कसाना इचार करी ऱ्हायनात?" त्याच्या बायकोने, दिपमालाने विचारलं.

"त्या म्हातारा मानूसले मी फसाडं, दिपा. पावर म्हनी नुसता आवाज दिधा."

"मंग आते तरी चांगलं काम करी द्या ना," ती म्हणाली. "जीवले खाई ऱ्हायनं ते काढी टाका." बायको त्याची सरळ होती. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही.

रविवारी शेठ गाडी देऊन धुळ्यातल्या साडूकडे गेले. भूपेंद्रने पदरचे पैसे घालून चांगलं सामान आणलं होतं. इंजिनापासून मागपर्यंत नवे, नेमक्या मापाचे पाइप, आणि शेवटी खराखुरा सायलेन्सर. इतकं मन लावून त्याने कित्येक दिवसांत काम केलं नव्हतं. जुना पाइप पुन्हा नजरेला पडू नये म्हणून कटरने कापला आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकला. त्याला हलकं वाटलं.

शेठ परतले. भूपेंद्रने चावी फिरवली.

शेठ वाकून ऐकत राहिले. "सुरू झाली?"

"सुरूच आहे," भूपेंद्र अभिमानाने म्हणाला. "चला, मी येतो जळगावपर्यंत. परत एसटीने येईन." त्याला रस्त्यात कबुली द्यायची होती.

पारोळ्याच्या पुढे मोकळा रस्ता लागला आणि म्हातारी गाडी अशी सुटली की भूपेंद्रच सीटला चिकटला. "पळते खरी," शेठ म्हणाले. एवढंच. एरंडोल मागे पडलं.

मग भूपेंद्रने सगळं सांगून टाकलं. आधीचं काम नुसतं आवाजाचं होतं, पॉवर वाढलीच नव्हती, माझं चुकलं. शेठ रागावतील, निदान दोन शब्द सुनावतील म्हणून तो मान खाली घालून बसला.

"तो पाइप ठेवलाय का?" शेठनी विचारलं.

"नाही. कापून भंगारात दिला."

शेठनी समोर पाहिलं, मग आरशात मागे कललेल्या सूर्याकडे. आणि गाडीचा वेग वाढवला.

जळगावात शिरले तेव्हा ऊन घरांच्या गच्च्यांवर चढलं होतं. गल्लीच्या तोंडाशी शेठनी गाडी हळू केली, पहिला गिअर टाकला आणि अॅक्सिलरेटर दाबला. गाडी मांजरासारखी घुरघुरली. शेठ वर, पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीकडे बघत होते. त्यांनी पुन्हा दाबला. मग पुन्हा.

गॅलरीत कुणी आलं नाही. खालच्या दाराला आतून कडी होती. वर स्वयंपाकघराच्या खिडकीतून गरम फुलक्यांचा वास येत होता.

गच्चीवरचं ऊन गेलं.

भूपेंद्रला काहीच कळेना. "थांबा, मी हॉर्न देतो," म्हणत त्याने हात पुढे केला.

शेठनी तो हात धरला.

"हॉर्न ऐकू येत नाही तिला. बेल नाही, फोन नाही. कानाला मशीन लावायला लाजते, कुणाला सांगूही देत नाही. या गाडीची घरघर तेवढी तिला पायाखालच्या फरशीतून कळायची, भूपेंद्रभाऊ, म्हणून तर मी तुझ्याकडे यायचो."