कुलूपतज्ज्ञ

बाबा अडकलेली कुलपं उघडून देतात, पण महिनाभर दुकानातला फोन वाजलाच नव्हता. म्हटलं, आता मीच बघते! दुकान इंटरनेटवर टाकायला बसले, तर शोधशब्द म्हणून त्यांना फक्त ‘कुलूपतज्ज्ञ’ हवा.

“बाबा, दाराबाहेर अडकलेला माणूस असलं भारदस्त काही टाइप करेल का?”

“तू मला धंदा नको शिकवूस!”

मी गुपचूप आणखी एक शोधशब्द घातला: ‘किल्ली आत राहिली’.

संध्याकाळी आम्ही चहाला बाहेर पडलो आणि लॅचचं दार मागे धाडकन लागलं. किल्ली आत, हत्यारंही आत. बाबांनी माझ्याकडे पाठ करून मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि पहिलाच नंबर लावला.



बंद दुकानातला फोन खणखणला.