सहदेवच्या बोटीची टाकी

काल संध्याकाळी कोळशानं ओढलेली रेघ पाण्याच्या वर चार बोटं उघडी पडली होती. टाकीच्या पांढऱ्या प्लास्टिकमधून ते बाहेरूनच दिसत होतं. तरी गुलाम नबींनी झाकण काढून आत हात घातला.

“कमी झालं?” नसीमबानोनं चुलीजवळून विचारलं.

“झालं.”

अकोल्याच्या जुन्या शहरात प्लास्टिकची टाकी जोडावी ती गुलाम नबींनीच, असं एके काळी लोक म्हणत. गरम हवेच्या गननं सांधा वितळवून त्यात प्लास्टिकची कांडी ते अशी बसवत, की जोड कुठे आहे ते बोटालाही कळू नये. कापसाचे बरे दिवस होते तेव्हा फवारणीच्या फुटक्या पंपांची त्यांच्या दारात रांग लागे. आता शेतातच काही उरलं नव्हतं, पंप कोण आणणार? त्यात गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं थरथरू लागली होती. ते फक्त नसीमबानोला माहीत होतं.

अशात सहदेव आला. गल्लीतलाच पोरगा, आता कोकणात मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळणारा. बोटीच्या पुढच्या निमुळत्या टोकात बाजारची गोल टाकी बसत नव्हती, म्हणून त्यानं पुठ्ठ्याचा साचा कापून आणला होता.

“तिकडं कोनी बनवत नाई काय रे?”

“बनवतात. पन दोनदा गळली, चाचा. मी मालकाले म्हटलं, आमच्या अकोल्यात एक मिस्त्री हाय. एकदा निघालो की दहा-दहा दिवस किनारा दिसत नाई. सात जन, आन् पियाचं पानी एवढंच.”

साच्याबरहुकूम टाकी तयार झाली. राहिली पाण्याची परीक्षा. टाकी भरायची, रात्रभर ठेवायची, रेघ हलता कामा नये. पण त्या उन्हाळ्यात नळ आठ-दहा दिवसांनी येई. बायका घागरी घेऊन भांडत असताना गुलाम नबींनी पाइप लावून टाकी भरली.

“आमी घागरीनं मोजू, अन् मिस्त्री टाकीनं!” रांगेतली माणिकबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. नसीमबानोनं ओढणी पुढे ओढली आणि खाली पाहत राहिली.

आणि आता पाणी उतरलं होतं. टाकीखाली ओल कुठे दिसेना. पण त्या तापलेल्या काळ्या मातीत सांडलेलं पाणी तरी कुठे टिकत होतं? गुलाम नबींनी पाणी पिंपांत काढलं. दिवसभर बसून सगळे सांधे पुन्हा जोडले, टाकी पुन्हा भरली, नवी रेघ ओढली.

सकाळी तीही रेघ उघडी पडली होती.

ते टाकीला पाठ टेकवून बसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

“सहदेवले सांगतो, दुसरीकडं पाह्य. गन बी विकून टाकतो. हात गेला माह्या, नसीम.”

नसीमबानोला ते ऐकवेना. तिची नजर बुटक्या भिंतीपलीकडे गेली. तिथे हार विकणाऱ्या दुर्गाबाईचं घर. तिची गीतांजली बाळंतपणाला आलेली. दोरीवर लंगोट वाळत होते, स्वच्छ, ओळीनं.

ती तशीच भिंतीशी गेली. चढलेला आवाज तिचा तिलाच आवरेना.

“दुर्गाबाई, रात्री आमच्या टाकीतून पानी कोन काढते?”

“काय म्हनता, भाभी?”

“परवा नळाले तुमची एकच घागर भरली. मंग हे लंगोट कशानं धुतले? मांगायचं होतं ना! चोरायची गरज काय होती?”

दारादारांत बायका आल्या. गीतांजली बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात उभी राहिली. दुर्गाबाईनं काही बोलायला तोंड उघडलं, आणि तिला भिंतीपलीकडे गुलाम नबी दिसले. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत ते तिच्याकडेच पाहत होते. तिच्या उत्तराची वाट पाहत होते.

“काढलं,” ती म्हणाली. “मीच काढलं. दोन्ही रात्री.”

“हारवालीचा हात लई लंबा निघाला वो,” माणिकबाई म्हणाली. कोणीतरी हसलं.

गुलाम नबी उठून उभे राहिले. “मंग गळत नाई! नसीम, टाकी गळत नाई!” त्यांनी टाकीवर थाप मारली. मग भिंतीशी येऊन म्हणाले, “घेतलं तं घेतलं, बाई. लेकरासाठीच घेतलं.”

दुपारी सहदेव ट्रक घेऊन आला.

“टेस्टिंग झालं ना, चाचा?”

“डोळे मिटून बसव.”

पुढच्या नळाला बायकांनी दुर्गाबाईची घागर सगळ्यांच्या शेवटी सरकवली. नसीमबानोला तिच्याकडे पाहवेना. दोन घागरींसाठी आपण एका आईला तिच्या बाळंतीण लेकीसमोर चोर म्हटलं, हे तिला घास गिळू देईना.

त्याच दिवशी सहदेवचा फोन आला. टाकी अगदी मापात बसली होती. आज निघतोय, आता दहा दिवस फोन लागणार नाही, म्हणाला. गुलाम नबींनी गल्लीत जिलेबी वाटली.

संध्याकाळी नसीमबानो भरलेली घागर कमरेवर घेऊन दुर्गाबाईकडे गेली. दारात पत्र्याचे दोन मोठे कॅन होते. जावई देवानंद त्यांतलं पाणी रांजणात ओतत होता.

“आमच्या बाळापूरच्या विहिरीचं हाय, चाची,” गीतांजली म्हणाली. “बाळ झाल्यापासून हे रोजच आनतात, बसच्या टपावर टाकून.”

नसीमबानोची घागर कमरेवरच राहिली.

“दुर्गाबाई... मंग तुमी...”

दुर्गाबाई झेंडूचा हार गुंफत होती. तिनं मान वर केली नाही.

“मिस्त्रीले रडताना पायवलं नाई, भाभी. मले चोर म्हटलं तं माह्यं काय जाते? त्यायचा हात तं राहिला.”

“पन टाकी गळते, दुर्गाबाई!”

“गळू द्या ना थोडी,” दुर्गाबाई समजूत घालत म्हणाली. “बोट तं पान्यातच राहते. त्यायले तिथं पान्याची काय कमी?”